पत्रिकेतले शेरे

पुतणीचं लग्न माझ्यामुळं मोडलं नाही. एवढं सोडलं, तर त्या लग्नात जे जे झालं ते माझ्यामुळंच झालं.

पत्रिकेचा मजकूर करायचं काम दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, माझ्यावर सोपवलं. मी धाराशिवला कॉलेजात क्लार्क, त्यामुळं घरात कॉम्प्युटरवाला म्हणून माझी ख्याती. (कॉलेजात तशी नाही.) तिकडं गावाकडं, ईटला, वहिनींनी नावं सांगितली, पुतणीनं ती तक्त्यात टाइप केली आणि तक्त्याचा फोटो मला पाठवला. शंभरावर नावं! माझ्या दोन बोटांनी ती टाइप होईपर्यंत पोरीचा दिवाळसण आला असता.

पण माझ्याकडं एक सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर माउसनं चौकोन ओढायचा, की त्यातली अक्षरं उचलून ते आपल्या फायलीत आणून टाकतं, फोटोतली असली तरी. मी चौकोन ओढला, जरा ऐसपैसच. मजकूर आला, काना-मात्रेसकट. बायकोला बोलावून दाखवला. तिनं विचारलं, नीट वाचलंय का? म्हटलं, मिशीन चुकत नसतं. तरी आपलं नाव तेवढं बघून घेतलं आणि प्रेसला पाठवून दिलं.

आमच्यात पहिली पत्रिका तुळजापूरला देवीपुढं ठेवायची आणि दुसरी नवरीच्या मामाला द्यायची. हे मामा म्हणजे वहिनींचे एकुलते एक भाऊ, सास्तूरचे. थोरल्या पुतणीच्या पत्रिकेत त्यांचं नाव तिसरं छापलं म्हणून ते भरल्या ताटावरनं उठून गेले होते. तीन वर्षं बहिणीशी बोलणं बंद. आत्ता संक्रांतीला कुठं समेट झालेला, आणि नवरीला मांडवात आणायचं ते मामानंच. आम्ही दोघं भाऊ निघताना वहिनी मला एवढंच म्हणाल्या, "भावजी, ह्या वेळी माझा भाऊ आला पाहिजे बघा."

सास्तूरला मामांनी चहा सांगितला, चष्मा लावला आणि पत्रिका मोठ्यानं वाचायला घेतली. नवरा-नवरी, मुहूर्त, सगळं झकास. मग आलं स्वतःचं नाव.

"श्री. भगवानराव... नाव पहिलंच टाका, न्हाईतर परत ताटावरनं उठंल."

तक्त्यात नावांशेजारी शेऱ्याचा रकाना होता, हे मला तेव्हा कळलं. वहिनी बोलत गेल्या तसं पोरीनं लिहिलेलं, आणि माझ्या ऐसपैस चौकोनात दोन्ही रकाने आलेले. माझ्या नावापुढं तेवढा शेरा नव्हता. (घरचा माणूस म्हणून वहिनींनी सोडलं असावं.) देवीपुढंही पत्रिका अशीच गेली होती. दादा माझ्याकडं बघायला लागले.

मामांनी विचारलं, हे कुणी लिव्हलं? मी म्हटलं, मिशीननं.

"मिशीनला माझं ताट कसं ठावं?"

ह्यावर मी चहा प्यायलो. मामा आवाज न चढवता पुढं वाचत राहिले. एका आतोबांपुढं होतं, 'आहेर करत न्हाईत, पर नाव मोठ्या अक्षरात लागतं.' एका चुलत्यांपुढं, 'माईक देऊ नये.' तिथं मामांची मिशी हलली. हे मात्र खरं हाय, म्हणाले. मग परत वर गेले, स्वतःच्या नावावर बोट ठेवून खालची नावं न्याहाळली.

"पर नाव पहिलंच हाय की," ते म्हणाले आणि तिथंच बहिणीला फोन लावला. "आक्का, येतोय म्या. ताटावरनं उठत न्हाई ह्या वेळी. तेबी लिव्हून घी."

पत्रिका दुसऱ्या छापल्या, पहिल्या बंबात गेल्या. मामांनी त्यांची काही परत दिली नाही. लग्नात पोरीला हाताला धरून मांडवात आणलं, डोळे पुसले आणि जेवायला बसले ते शेवटची पंगत उठेपर्यंत उठले नाहीत. वहिनींकडं बघून मलाही भरून आलं.

यंदा मामांच्या मुलाची पत्रिका आली. मी लगेच पाकीट फाडलं, पत्रिकेत आपलं नाव कुठं आहे तेवढं बघितलं आणि ठेवून दिली. बायकोनं कचऱ्यातून ते पाकीट काढून आणलं. त्यावर मामांच्या अक्षरात माझं नाव होतं, आणि नावापुढं शेरा होता. तो तिनंच मला वाचून दाखवला.

'ह्यांना दुसऱ्यानं वाचून दाखवावी.'