भोंग्यावरची बिदाई

वरोऱ्याच्या एका बँडमध्ये मी बास वाजवायचो. बास म्हणजे बँडमधलं सगळ्यांत मोठं पितळी वाद्य, छातीशी कवटाळायचं आणि तोंड आभाळाकडं. गावात त्याला भोंगाच म्हणत. दिवसा कापसाच्या जिनिंगमध्ये काम, लग्नसराईत हा भोंगा. चाल वाजवायची मास्तरांनी, क्लॅरिनेटवर, मिरवायचं ट्रंपेटवाल्यांनी, मी आपलं मागं राहून पों-पों करायचं. माझ्यासारखा तापट माणूस त्या दोन सुरांवर इतकी वर्षं कसा टिकला, देव जाणे.

धाकट्या बहिणीला भोंग्याचं भारी हसू. म्हशीनं ढेकर दिल्यासारखं वाजतं म्हणायची. ऐंशीनंतरच्या एका उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा सिरोंच्याचा, जंगलखात्यात कारकून. सिरोंचा म्हणजे आमच्या लेखी दुनियेचं टोक. लोक तेलुगू बोलतात, आणि जायचं तर जंगलातून दिवसभराचा रस्ता. एकदा डाळ निवडता निवडता बहिणीनं फर्मान काढलं, "भाऊ, माह्या बिदाईले चाल तू वाजवशीन. बाकीच्यायनं मागं पों-पों करावं."

मी भडकलोच. भोंग्यावर कोणी चाल वाजवतं का? पण खरं सांगतो, आतून असा खूश झालो की जेवण दोन भाकरी जास्त गेलं.

मास्तर साठीचे, वडिलांपासून बँडच करत आलेले. हसतील म्हणून मी घाबरत घाबरत विचारलं. त्यांनी फक्त चाल कोणती ते विचारलं. आई जात्यावर म्हणायची ती, मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी मास्तर घरी हजर. आईला चांगलं तीनदा म्हणायला लावलं. आई लाजून लाल. मग त्यांनी सगळ्यांना काम वाटलं, आणि पों-पों आलं ट्रंपेटवाल्यांच्या वाट्याला. त्यांची तोंडं पाहण्यासारखी झाली. मला काय आनंद झाला म्हणता!

मी सरावाला कापसाच्या गोदामात बसायचो. कापूस आवाज खातो, त्यामुळे चुकलं तरी बाहेर कोणाला कळायचं नाही. भोंग्याला दम लागतो बादलीभर, आणि ही चाल तर संथ. मास्तरांनी एकच ताकीद दिली, "रडू नको. रडणाऱ्याचे ओठ टिकत नाई."

लग्न लागलं. त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली, पंगती उठल्या. चारच्या सुमारास जीप दारात आली आणि मी भोंगा उचलला. अर्धी चाल अशी झाली की नाचायला आलेली पोरंसुद्धा गप्प उभी राहिली. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात बहीण आईच्या पायांशी वाकली, आणि माझे ओठ गेले. भोंग्यातून नुसती हवा. मागं बँडचं पों-पों चालूच, वर चालीचा पत्ता नाही. एका ट्रंपेटवाल्यानं चाल उचलायला ट्रंपेट तोंडाला लावला, तर मास्तरांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं तो मुकाट्यानं खाली घेतला. मांडवात कोणीतरी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बहीण तोवर जीपमध्ये बसली होती. ती खाली उतरली, भरजरी पदर सावरत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पुरं वाजव," ती म्हणाली. "तोवर मी जात नाई."

मी तोंड पुसलं आणि पहिल्यापासून सुरू केलं. या वेळी सगळी चाल आली, शेवटपर्यंत. बहीण हसत हसत जीपमध्ये जाऊन बसली. आता आमच्या धंद्यात मास्तर हात वर करेपर्यंत चाल थांबत नाही. संपली की पुन्हा पहिल्यापासून. मास्तर भलतीकडंच पाहत होते. मग मी कशाला थांबतो? पूर्ण झाल्याशिवाय ही जाणार नाही म्हणाली आहे ना, मग होऊच द्यायची नाही पूर्ण. दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला, तर नवरदेवानंच त्याचा हात धरला. तेव्हाच मला तो माणूस आवडला.

चौथ्या फेरीत छाती दुखायला लागली. बहीण जीपमधून वाकली. हसत होती, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"भाऊ," ती म्हणाली, "आता मले जाऊ दे."

मास्तरांनी हात वर केला. मी शेवटचा सूर धरला, अंगात दम होता तितका लांब.