कुलूपराव आणि कर्जाचा रकाना

निम्म्या चादरी दोरीवर, निम्म्या बादलीत, तेवढ्यात बेल वाजली. दारात वही घेतलेला एक गृहस्थ. म्हणाला, "तुमच्या धाकट्या दिरांबद्दल थोडी चौकशी होती." ओल्या हातानेच त्याला बसायला खुर्ची दिली.

आमचे भाऊजी संरक्षण खात्यात, नकाशांच्या बंद खोलीत काम करतात. त्या खोलीत शिरायची परवानगी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि त्यासाठी माणूस आतूनबाहेरून तपासतात. घरात आम्ही त्यांना कुलूपराव म्हणतो. डब्यात कोणती भाजी होती विचारलं तरी आधी इकडेतिकडे बघणार. "वहिनी, आमच्या कामात सवयच ठेवावी लागते." पंचवीस वर्षं ही सवय त्यांनी अशी मनोभावे जपली, की तेवढं नाम घेतलं असतं तर देव स्वतः त्यांच्या दर्शनाला आला असता.

गृहस्थाने विचारलं, "काही थकलेलं कर्ज?"

आता काय सांगायचं? अंग चेपणारी खुर्ची, जागच्या जागी पळणारी सायकल, भिंतभर टीव्ही, भाऊजींनी सगळं क्रेडिट कार्डावर घेतलेलं. जावेला सांगितलंय की बोनसातून आलं. सात महिने हप्ता नाही आणि बँकेला ओळखीचा म्हणून नंबर दिलाय माझा. वसुलीवाला दर सोमवारी फोन करतो. हल्ली आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, मग भाऊजींची. ज्या तोंडाने सकाळी देवाचं नाव घेतलं त्याच तोंडाने खोटं कसं बोलू? सगळं सांगितलं.

"फॉर्मवर त्यांनी 'कर्ज नाही' लिहिलंय," गृहस्थ म्हणाला आणि वही मिटून गेला.

संध्याकाळी भाऊजी वरच्या मजल्यावर आपल्या घरी न जाता थेट आमच्याकडे आले. "वहिनी, माझं घर बुडवलंत."

"मी? खुर्ची मी घेतली?"

"कर्ज ही खासगी गोष्ट. मी ती बायकोलासुद्धा कळू दिली नाही. याला शिस्त म्हणतात."

"मग साहेबांनी पाठ थोपटली असेल."

मग भाऊजींनी काय झालं ते सांगितलं. साहेबांनी बोलावून ऐकवलं होतं, "कर्ज कोणाला नसतं? पण जो थकवतो आणि वर लपवतो, त्याला गाठून कोणीही म्हणेल, तुझं भागवतो, एक नकाशा दाखव." पंधरा दिवसांत बँकेकडून हप्ते बांधून आणायचे, फॉर्म दुरुस्त करायचा आणि घरच्यांना सगळं माहीत आहे अशी बायकोची सही जोडायची. नाहीतर नकाशे सुटले, टपालावर शिक्के मारत बसायचं. खात्याला आपली गुपितं सांभाळणारा माणूस हवा असतो, स्वतःची गुपितं बाळगणारा नको, हे पंचवीस वर्षांत भाऊजींच्या डोक्यात शिरलं नाही.

"तुम्हीच सांगा ना तिला," भाऊजी म्हणाले. "माझ्या तोंडून निघत नाही."

"मी सांगितलं की घर बुडतं, असं आत्ताच कोणीतरी म्हणालं."

"ती ऐकून काय करेल..."

"इतकी वर्षं शत्रूला काही कळू दिलं नाहीत, छान केलंत. पण ती शत्रू नाही."

पेपरामागून हे म्हणाले, "शत्रू परवडला. तो भांडी आपटत नाही."

भाऊजींनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, खिशातला सहीचा कागद उलगडून एकदा वाचला आणि जिना चढायला लागले. आज बायकोची सही, उद्या दहाला बँक.