‘इतर’चा रकाना

माझी आत्या घरोघर फिरून लोकांची मतं गोळा करायची. एकवीस वर्षं. आमच्या सर्व्हे करणाऱ्या कंपनीत तिच्याइतकं काटेकोर माणूस दुसरं नव्हतं. दर पाचवं घर घ्यायचं, हा नियम. तिथं कुलूप असलं की बाकीचे शेजारच्या दारात उरकून मोकळे व्हायचे. काही महाभाग तर झाडाखाली बसून दहा घरांची मतं स्वतःच ठोकून द्यायचे. आत्या त्याच कुलपापुढे तीनदा जायची. आणि माणूस जे बोलेल ते शब्दन् शब्द लिहायची.

मी त्याच कंपनीत, तिच्याच शब्दावर लागलेला. तिचे फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं.

मागे एका पुढाऱ्याने सर्व्हे करून घेतला. तुमच्या भागातली सर्वांत मोठी अडचण कोणती? रस्ते, पाणी, वीज, नोकऱ्या, सुरक्षितता. सहावा रकाना ‘इतर’, पुढे एक रिकामी ओळ. आत्याच्या भागातलं बाळंतपणाचं सरकारी हॉस्पिटल बंद करायच्या हालचाली चालू होत्या, त्यामुळे लोकांना दुसरं काही बोलायचंच नव्हतं. तीनशेपैकी दोनशे चाळीस फॉर्मांवर आत्याने ‘इतर’पुढे तेच लिहून आणलं. दारोदार सांगूनही आली, “लिहून घेतलंय. वरपर्यंत जाईल.”

वर म्हणजे मी होतो.

साहेब म्हणाले, “इतर-बितर टाइप करत बसू नकोस. आलेख पाचाचाच काढायचाय.”

“पण एका भागात जवळजवळ सगळे इतरच आहेत, साहेब.”

“मग सुखी आहे म्हणायचा तो भाग!” ते हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते. रकाना रिकामा सोडला की कॉम्प्युटर ‘अडचण नाही’ असं धरतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी सोडला. दोनशे चाळीस वेळा.

पुढाऱ्याने सभेत आकडा फडकावला, “या भागातल्या शंभरातल्या ऐंशी लोकांची काही तक्रारच नाही!” विरोधकांनीही तो आकडा बघून तोंड मिटलं, जिथं कुणाला काही पडलेलं नाही तिथं घसा कोण कोरडा करणार? महिन्याभरात हॉस्पिटलला कुलूप लागलं. आणि ह्याला म्हणे लोकमत!

नंतर त्याच घरांसाठी नवा फॉर्म आला. हॉस्पिटलच्या निर्णयावर तुम्ही समाधानी आहात का? आत्याचा गुडघा धरला होता म्हणून तिची पिशवी घेऊन मी बरोबर गेलो. शिवणकाम करणाऱ्या एका बाईने दार उघडलं. प्रश्न ऐकून ती शांतपणे म्हणाली, “माझी सून रिक्षातच बाळंत झाली. दुसरं हॉस्पिटल दीड तासावर. बाळ गेलं. ताई, तुम्ही माझ्यासमोर लिहिलं होतं ना?”

“लिहिलं होतं,” आत्या म्हणाली. ती माझ्याकडे वळली. “तू चढवलं होतंस ना रे?”

“हो, आत्या.”

तिला केवढं हायसं वाटलं! “हा माझा भाचा,” ती बाईला म्हणाली. “यानं स्वतः चढवलंय. आपल्याकडून कसूर नाही झाली हो. वरच्यांनीच वाचलं नाही.”

बाईने मान हलवली. मला घाम फुटलेला बघून ती आत गेली आणि पाणी घेऊन आली. मी ते प्यायलो.