पत्रिकेतली तिसरी ओळ

हाटकेश भागात एका गाळ्यात आमचं ऑफिस आहे. यंत्रांसोबत येणारी माहितीपुस्तकं आम्ही लिहितो. एकाच मजकुरात चार जण एकाच वेळी दुरुस्त्या करतात आणि कुणाची ठेवायची, कुणाची काढायची, हे ठरवण्याचा पगार मला मिळतो. म्हणून बहिणीच्या लग्नाची पत्रिका मी मोठ्या तोऱ्यात ऑनलाइन टाकली आणि घरच्या ग्रुपवर लिंक दिली. ज्याला हवा त्याने बदल करावा, कुणी रुसायला नको. एवढी मोठी चूक मी नोकरीत कधी केली नव्हती.

पहिल्याच दिवशी काकाने आपल्या नावापुढे 'माजी उपसरपंच' लिहिलं. ग्रामपंचायत जाऊन महापालिका आली त्यालाही जमाना झाला, पण असू दे म्हटलं. मग मामाकडच्यांनी आपली सहा नावं वर आणली, काकाने ती खाली नेली. सॉफ्टवेअरला मानपान कळत नाही. जो शेवटी लिहील त्याचं खरं. त्यामुळे त्या आठवड्यात आमच्या घराण्याची ज्येष्ठता कुणाला कधी सुट्टी आहे यावर ठरत होती.

हे मी निस्तरत होतो. पण एक गोष्ट मला सहन होईना. निमंत्रकांत तिसरी ओळ आत्याची होती. आई गेली तेव्हा बहीण दोन वर्षांची होती. आत्या नवरा वारल्यावर माहेरी परत आली होती, तिनेच आम्हा दोघांना वाढवलं. बाबा आणि काकाच्या खाली मी 'श्रीमती' लिहून तिचं नाव घातलं. संध्याकाळी ओळ गायब. परत घातली, दुसऱ्या दिवशी परत गायब. असं पाच वेळा झालं. लिंक सगळ्यांना खुली होती, त्यामुळे कुणी पुसलं ते दिसायची सोय नव्हती.

आमच्यात विधवेचं नाव निमंत्रकांत नसतं. तसं कुणी तोंडाने सांगत नाही, पत्रिका छापून येते तेव्हा ते नसतं, एवढंच. मी काकाला फोन लावला आणि पुतण्याने बोलू नये ते सगळं बोललो.

त्याने ऐकून घेतलं. "मी माझा हुद्दा टाकला, मामाकडची नावं खाली नेली, तेवढंच," तो म्हणाला. "तिचं नाव मी कशाला पुसू? ती माझी बहीन हाय."

मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. लॉगिन केल्याशिवाय कुणालाही आत येता येणार नाही आणि बदल फक्त सुचवता येईल, अशी सोय केली. दुसऱ्या दुपारी एकच सूचना आली. तिसऱ्या ओळीवर आडवी रेघ आणि शेजारी आत्याचा फोटो. भजनं ऐकायला म्हणून तिचं अकाउंट मीच उघडून दिलं होतं, फोटोही मीच लावला होता. खाली दोन बटणं होती, स्वीकारा आणि नाकारा.

ती स्वयंपाकघरात जवळा निवडत बसली होती. मी फोन तिच्यापुढे धरला.

"पोरीच्या सासरची मानसं वाचतील," ती मान वर न करता म्हणाली. "उद्या काय वाईट झालं त पोरीलाच बोलतील. माझ्या नावापायी कशाला?"

मला तिचा राग आला आणि रडूही आलं. दिवसभर दुसऱ्यांची भांडणं सोडवणारा मी, माझ्याच्याने एक बटण दाबवेना. दारात उभ्या असलेल्या बहिणीने फोन माझ्या हातातून घेतला. सूचना नाकारली, ती ओळ बाबांच्याही वर नेली, आणि सगळ्यांच्या दुरुस्त्या बंद करून मजकूर प्रेसला पाठवला. 'माजी उपसरपंच' तसंच राहिलं.

छापलेल्या पत्रिका इंद्रलोक वसाहतीतल्या आमच्या फ्लॅटवर आल्या तेव्हा आत्याने एक उघडली. पहिल्या ओळीवरून तिने बोट फिरवलं, अक्षरं उठावाची होती.

"आता हे कोनाला पुसता येनार न्हाय?"

"नाही."

"मला पन न्हाय?"

"तुलाही नाही."

"मग बरं झालं," ती म्हणाली, आणि माझ्याकडे आणखी एक पत्रिका मागितली.