आईच्या हातची भाकरी मला जाईना

अकरा वर्षांची असताना मला माझ्या आईच्या हातांची किळस यायची. आईवर माझा जीव होता, तरीही यायची.

आई लोकल बोर्डाच्या शाळेत शिकवायची. खालापूरपासून दोन कोसांवर आमचं गाव. शाळा एका खोलीची, आणि चौथीपर्यंतचे सगळे वर्ग तिच्याच गळ्यात. शाळा सुटली की ती शेतावर. मास्तरीण झाली म्हणून लावणी, कापणी, झोडणी यातलं काही तिला चुकलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. साबण मिळेना, कापड मिळेना. पुष्कळ पोरांच्या अंगावर एकच कपडा, तोच रात्रंदिवस. त्या वर्षी दिवाळीनंतर गावभर खरूज पसरली. बोटांच्या बेचक्यांत, कोपरांवर, ढुंगणावर पिकलेले फोड. पोरं लिहिता लिहिता खाजवायची, पाटीवर पू सांडायचा, आणि तीच पाटी थुंकी लावून हाताने पुसायची. मी त्याच शाळेत चौथीत होते. पहिल्या ओळीत श्वास रोखून बसायचे.

आईने शनिवारी धडे बंद केले. शाळेमागे तीन दगडांवर हंडा चढला, त्यात कडुलिंबाचा पाला उकळू लागला. एकेका पोराला समोर बसवून ती खपल्या भिजवायची, हलक्या हाताने काढायची, मग करंजाच्या तेलात खललेलं गंधक बोटांनी चोळायची. दुसऱ्या हंड्यात कपडे उकळत, तोवर पोरं गोणपाट गुंडाळून उन्हात बसत. कातकरवाडीतली पोरंसुद्धा त्याच रांगेत. सगळ्यांच्या अंगाला कुजलेल्या अंड्यांसारखा आणि कडू तेलाचा वास.

घरी येऊन आई राखेने हात घासायची, पुन्हा घासायची. तरी नखांच्या कडेला पिवळी रेघ राहायचीच. मग तेच हात तांदळाच्या उकडीत जायचे. भाकरी थापल्याचा आवाज आला की माझ्या घशाशी यायचं.

एका शनिवारी मी ताट सरकवलं.

"नको मला."

"का गं?"

"तुझ्या हातांना पू लागतो."

बाबा हात उगारून उठले. आईने त्यांना बसवलं. "असूं द्या. खरं तेच बोलली ती," एवढंच म्हणाली. त्यानंतर चार दिवस मी दूध-पोह्यांवर काढले. शेवटी बाबा पेंढा घेऊन कर्जतला निघाले, तेव्हा आईने मलाही बैलगाडीत बसवलं आणि दहिवलीला मावशीकडे धाडलं.

मावशी आईची धाकटी बहीण. तिचं घर लखलखीत. तांब्या-पितळेत तोंड दिसायचं, जेवणाला वासाच्या तांदळाचा भात. मी अधाशासारखी जेवले. दुपारी शेजारच्या बायका पापड लाटायला आल्या. मावशीने मला पुढे केलं.

"आमची ताई शाळेत काय करते, सांग यांना."

मी सांगितलं नाही, करूनच दाखवलं. खोटाच पदर खोचला, फतकल मारून बसले, हवेतल्या पोराचं बखोट धरून खसाखसा घासलं, नाक मुरडून हुंगलं आणि तोच हात पापडाच्या पिठात घालायला गेले. बायका किंचाळल्या, हसून हसून डोळ्यांतून पाणी काढलं. "पुन्हा कर गं!" मावशी म्हणाली. मी पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदाही केलं.

पाचव्या दिवशी आई मला न्यायला आली. पहाटेपासून चालत आली होती, पाय धुळीने माखलेले. मावशीने तिला ओसरीवरच बसवलं आणि कान तुटलेल्या पेल्यात पाणी दिलं. तो पेला दाढीला येणाऱ्या न्हाव्यासाठी खिडकीत वेगळा ठेवलेला असे. आईला ते ठाऊक होतं. मलाही ठाऊक झालं होतं. ती एका दमात पाणी प्यायली.

तेवढ्यात पापडवाल्यांतली एक जण डोकावली. "ह्याच का मास्तरीणबाई? तुमच्या लेकीनं काय नक्कल केली हो तुमची!"

मावशी जमिनीकडे बघू लागली. आई माझ्याकडे वळली. "व्हय? मला पण दाखव की."

मी जागची हलले नाही.

"दाखव गं. मी कुठं बघितलंय मला."

मी हात वर केले आणि हवेत एकदोनदा घासल्यासारखं केलं. कुणीही हसलं नाही.

"इतकं जोरात घासत नाय मी," आई म्हणाली. "पोरं रडतात." मग पेला पालथा ठेवून तिने माझं बोचकं उचललं.

वाटेतलं भिसेगाव मागे पडलं. मला त्या स्वच्छ ओसरीची, पापडांच्या पिठाची, माझ्या त्या पदर खोचण्याची शिसारी आली होती. बांधावर बसून मी सकाळचं सगळं ओकले. आईने पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. मला नको असेल, असं वाटलं असावं तिला.

"तुला नाय का गं येत किळस?" मी विचारलं.

"येते की. न येऊन कसं चालंल? शनिवारी दुपारी मला घास उतरत नाय. तुजे बाबा समजतात, मारुतीचा उपास."

"मग कशाला करतेस?"

"त्यांच्या आयांना दिवस उजाडल्यापासून मजुरी. मी पगार घेऊन समोर बसते, आणि पोरांनी खाजवत बसायचं?" थोडं चालल्यावर म्हणाली, "किळस आली तर येऊं दे. तोंडावर दाखवायची नाय. पोरांना लगेच कळतं."

पुढच्या शनिवारी मी पाणी ओतायला उभी राहिले. कातकरवाडीतली एक सहा-सात वर्षांची पोर होती. तिची बोटं पुवाने एकमेकांना चिकटली होती. आई ती सोडवत असताना पोरीने दुसरा हात माझ्यापुढे केला, धर म्हणून. मी नाही धरला. मी तांब्या गच्च धरून ठेवला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हात हळूच गोणपाटात लपवला.

होळीपर्यंत बहुतेकांची खरूज गेली. मधेच तपासणीला आलेल्या साहेबांनी, शिक्षणाचा वेळ आंघोळींत दवडला जातो, असा शेरा मारला. आईने त्याखाली सही केली आणि शनिवारी पुन्हा हंडा चढवला. हात लपवणारी ती पोर मात्र साहेब येण्याआधीच आई-बापांबरोबर कोळशाच्या भट्टीवर रानात गेली होती. तिची पाटी शाळेतच राहिली होती. ती परत येईल म्हणून मी पुढचे कितीतरी शनिवार तांब्या खाली ठेवून, हात मोकळे ठेवून उभी राहायचे. ती आली नाही. मग दुसऱ्या पोरांचे हात धरायला शिकले, सुरुवातीला डोळे मिटून.