आत्याचे सुळे

माझी आत्या कवळ्या करायची. दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक बिनखिडकीची खोली होती, तिथे ती मेण, प्लास्टर आणि बारीक कानशी घेऊन दिवसभर बसलेली असे. पुढे डॉक्टर माप घेत, मागे आत्या दात बसवी. कवळी तयार झाली की बाकीकडे माणसाला चावून बघायला सांगतात. आत्या म्हणायची, हसून दाखवा. चावताना सगळेच सांभाळून चावतात, मनापासून हसताना कवळी हलली नाही तरच ती बसली, असं तिचं म्हणणं. आता दात गेलेल्या माणसाला दवाखान्यात हसू कुठून यायचं? मग आत्या त्यांना हसवायची. तिचे काही विनोद इतके वाह्यात असत की डॉक्टर पुढच्या खोलीतून मुद्दाम खोकत.

ह्या हसून दाखवण्यापायीच ती सिनेमात गेली. नुकती कामाला लागली होती तेव्हाची गोष्ट. एका कंपनीने पिशाचांच्या सिनेमासाठी सुळे करून मागवले. रक्त पिणारा एक सरदार आणि त्याची मेलेली बायको, असा तो मामला. बायकोचं काम करणाऱ्या नटीने निरोप धाडला की मला माप द्यायला वेळ नाही, अंदाजाने करा. अंदाज कसला करणार? आत्याने स्वतःच्याच दातांचं माप घेतलं आणि सुळे घेऊन स्टुडिओत हजर झाली. नटीने तोंड उघडलं की ते मांडीवर पडत. दिग्दर्शक आत्यावर खेकसला, की तुला काम येत नाही. आत्याचं डोकं फिरलं. तिने सुळे धुतले, स्वतः लावले आणि त्याच्या तोंडासमोर जाऊन हसून दाखवलं. तो बघतच राहिला. मग त्याने नटीची रवानगी घरी केली आणि आत्याला शवपेटीत झोपवलं.

एकच दृश्य. संवाद नाही. पडद्यावरच्या नामावलीत नावही नाही.

आता बाबा. बाबा म्हणजे आत्याचे थोरले भाऊ आणि माझे वडील. माणूस प्रेमळ आहे, पण एखादी गोष्ट झाकायला गेले की गावभर करून येतात. सिनेमा लागला तेव्हा आत्याचं लग्न ठरलेलं होतं. मुलाकडच्यांना ह्यातलं काही ठाऊकही नव्हतं. बाबा आपणहून त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले की त्या भुताच्या सिनेमातली बाई आमची बहीण नव्हे, लोक काहीबाही बोलतील, कान देऊ नका. ते अख्खं कुटुंब लगेच सिनेमाला जाऊन आलं. लग्न मोडलं. आजीने रडून रडून आत्याला सांगितलं, कुणी विचारलं तर ती मी नव्हे म्हण. आत्या तसं म्हणाली नाही, पण गप्प बसली. सिनेमा उतरला, लोक विसरले, आणि आत्या आमच्याच घरी मागच्या खोलीत राहिली.

मला हे सगळं लहानपणापासून पाठ होतं, पण सिनेमा कुठे बघायला मिळेना. आणि माझं लग्न ठरायच्या बेतात असताना तो आला. कोपऱ्यावरच्या व्हिडिओच्या दुकानात, कॅसेटवर, जुना काळा-पांढरा जसाच्या तसा. कव्हरवर सरदार नव्हता. आत्या होती, केस मोकळे सोडलेली, सुळे दाखवत हसणारी.

मी ज्याच्याशी लग्न करणार होते तो माझ्याच ऑफिसातला. त्याचे आईवडील रविवारी आमच्याकडे यायचे होते. बाबांनी काय करावं? दुकानात जाऊन त्या सिनेमाच्या होत्या नव्हत्या तेवढ्या कॅसेट विकत घेतल्या आणि कपाटावर चादरीखाली दडवल्या. दुकानदाराच्या जन्मात कुठल्या सिनेमाला असं गिऱ्हाईक लागलं नव्हतं. त्याने आणखी मोठी खोकी मागवली आणि दाराशी पुरुषभर उंचीचं चित्र उभं केलं. इतके दिवस आत्या फळीवर हसत होती, ती आता भर रस्त्यात हसायला लागली.

मग बाबांनी तिला सांगितलं की रविवारी तू मैत्रिणीकडे जा आणि कुणी विचारलंच तर ती दुसरी कोणी म्हणून सांग. आई उठून स्वयंपाकघरात गेली. अशा वेळी ती नेहमी तिथेच जाते.

शनिवारी दुपारी बाबा बाहेर होते. आत्याने स्टूल घेतलं, कपाटावरची एक कॅसेट काढली आणि मला म्हणाली, पडदे ओढ. आम्ही दोघींनी सिनेमा पाहिला. खरं सांगू का, सिनेमा बेताचाच आहे. वटवाघळाची दोरी दिसते. पण ते दृश्य आलं आणि माझ्या अंगावर काटा आला. झाकण सरकतं, आत्या उठून बसते, केस मागे सारते, सावकाश वळते आणि सरळ आपल्याकडे बघून हसते. त्या हसण्यात मेल्याचं दुःख नाही, कुणाची भीडभाड नाही.

आत्या पुढे झुकून टीव्हीत डोकं घालून बघत होती. "बघ, जरासुद्धा हलले नाहीत," ती म्हणाली. आणि मग एकदम रडायलाच लागली. मी जवळ गेले तर म्हणाली की मी किती चांगली होते गं, आणि मी हे इतकी वर्षं लाजेची गोष्ट म्हणून सांभाळलं. डोळे पुसून तिने मला स्पष्ट सांगितलं की उद्या मी कुठे जाणार नाही, विचारलं तर खरं सांगणार, आणि लग्न तुझं आहे, तेव्हा तूच काय ते बोल. मी म्हटलं, खरंच सांग. बोलायला काय जातं. पण मला तो मुलगा मनापासून आवडत होता.

रविवारी मंडळी आली. ती दुसऱ्या बाजूच्या रस्त्याने आली होती, दुकान त्यांनी पाहिलंच नव्हतं. चहा झाला, आत्याच्या एका विनोदावर मुलाचे वडील खो खो हसले, तारखेचं बोलणं निघालं. सगळं सुरळीत चाललेलं बाबांना सोसेना. ते खाकरले आणि म्हणाले, "त्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं चित्र पाहिलं असेल तुम्ही. ती बाई आमची ही नव्हे हं."

"कुठलं दुकान?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

मी आत्याकडे पाहिलं. तिने कप खाली ठेवला.

"मीच आहे ती," आत्या म्हणाली. "पिशाचाची बायको. सुळेही मीच केलेत. खाली जाताना बघून जा, काम चांगलं झालंय."

मुलाच्या आईचा चेहरा उतरला. आम्ही विचार करून कळवतो, एवढं म्हणून ती उठली. मुलगा दारात घुटमळला आणि हळूच म्हणाला की मी घरच्यांची समजूत घालतो. मी म्हटलं की माझ्या आत्याबद्दल समजूत घालावी लागत असेल तर येऊच नकोस. तो गेला. मला रडू आलं, पण त्याच्या पाठीमागे.

दार लागताच बाबांनी घर डोक्यावर घेतलं. पोरीचं वाटोळं केलंस, आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. आत्याने स्टूल ओढलं, कपाटावरच्या सगळ्या कॅसेट दोन पिशव्यांत भरल्या, एक माझ्या हातात दिली आणि जिना उतरली.

दुकानात रविवारची गर्दी होती. आत्याने पिशव्या गल्ल्याजवळ रिकाम्या केल्या, दुकानदाराकडे जाड शाईचं पेन मागितलं आणि पहिली कॅसेट पुढे ओढली. तो चित्राकडे बघे, तिच्याकडे बघे, आणि मग त्याने मुकाट्याने तिला आपली खुर्ची दिली. प्रत्येक कव्हरवर हसऱ्या तोंडाखाली आत्या आपलं पूर्ण नाव लिहायला लागली. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. लोक माना उंचावून बघत होते.

तेवढ्यात बाबा धापा टाकत आले. गर्दी पाहून त्यांचा आवाज खाली आला. ते वाकून तिच्या कानाशी म्हणाले, "तुझं नाव लिही हवं तर. निदान आडनाव तरी नको लिहूस."

आत्याने मान वर केली नाही.

"ते बदलायची वेळ तूच येऊ दिली नाहीस, दादा," ती म्हणाली, आणि पुढची कॅसेट घेतली.