चेरीची कानातली आणि फुग्याचा झंपर

गड्ड्याच्या जत्रेत मी प्लॅस्टिकच्या चेरीची कानातली घेतली. प्रत्येक कानाला लालभडक जोडी, वर हिरवं पान. मी तेव्हा नुकतीच शाळेत शिकवायला लागले होते, आणि मास्तरणीनं असलं काही घालावं हे आईला पटणारं नव्हतं. "त्यापेक्षा झाडाला टांग," ती म्हणाली.

मी हट्टाला पेटले. या कानातल्यांना शोभेल असा ब्लाउजच शिवायचा. आईच्या लग्नानंतरच्या एका फोटोत तिच्या अंगात खांद्यावर फुगलेल्या बाह्यांचा, गळ्याला झालर असलेला झंपर होता. तस्साच हवा; फक्त पांढऱ्या कापडावर लाल ठिपके आणि कडेला पानासारखी हिरवी पट्टी.

फोटो आणि कानातली घेऊन आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे गेले. घरी तेलुगू बोलणारा तो म्हातारा फोटोकडे बघतच राहिला.

"अक्का, ही बाही हाय का भोपळा? आता सगळ्या बिनबाह्यांचं मागतात की."

"मला भोपळाच हवाय."

"शिवतो. पण बसमधी शेजारच्याला जागा उरली न्हाई तर मला बोलू नका."

ब्लाउज घालून घरात फिरले, तेव्हा वडिलांनी पेपर खाली केला. "वारं सुटलं तर हिला कुणीतरी धरून ठेवा रे!"

पुढं आईच्या माहेरी, मैंदर्गीला, मावसबहिणीचं लग्न निघालं. मी तोच ब्लाउज, तीच कानातली घालून गेले. मांडवात आईच्या माहेरची शेजारीण बसली होती. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. तिनं माझी बाही चाचपली, फुगा दाबून पाहिला आणि मला जवळच ओढलं.

"आलीस व्हय ग? लगीन झाल्यावर ह्योच झंपर घालून आली हुतीस की! जरा बी बदलली न्हाईस."

तिनं मला आई समजलं होतं. मी खुलासा करणार, तोवर तिनं विचारलं, "पोरगी मोठी झाली आसंल तुझी. तिचं लगीन कवा?"

मला राहवेना. "बघतोय आजी. पण लई हट्टी हाय ती, ऐकतच न्हाई."

आई माझ्या मागंच उभी होती. आता माझी खरडपट्टी, असं वाटलं. पण ती पुढं झाली, वाकून म्हातारीच्या पाया पडली आणि बारीक आवाजात म्हणाली, "मीच ती पोरगी, आजी."

म्हातारीनं तिचा चेहरा हातात धरून अगदी जवळून न्याहाळला. मग माझ्याकडं वळून दबक्या आवाजात म्हणाली, "जरा थोराड दिसतीया ग. उजवून टाक लवकर."

आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. आई मात्र गप्प. पंगतीत गप्प, एसटीत खिडकीशी बसून गप्प. अक्कलकोट मागं पडल्यावर तिचे खांदे हलायला लागले. रडते की काय, म्हणून मी वाकून पाहिलं, तर तिला हसू आवरत नव्हतं.

घरी पोचल्यावर चपलाही न काढता ती वडिलांना म्हणाली, "अहो, माझ्यासाठी एखादं स्थळ बघा. उशीर झालाय म्हणे."